दिसणारा टाका

शास्त्रपाठ : मार्क २:१८–२२, गलती. ६:१–५, योहान २०:१९–२९

रायपुरात थंडी फार दिवस मुक्काम करीत नाही. तरीपण नाताळच्या सुमारास पहाटेचा गारवा अंगात शिरू लागतो आणि पेटीच्या तळाशी ठेवलेल्या गोधड्या बाहेर निघतात. आमच्या घरी अशी एक गोधडी आहे. आमचे घराणे मूळचे अमरावती जिल्ह्यातले. १९५६ पूर्वी नागपूर आणि रायपूर ही शहरे एकाच प्रांतात होती. तेव्हा वडील रेल्वेच्या नोकरीनिमित्त इकडे आले आणि इथलेच झाले. दुपारची कामे आटोपली की आई ओसरीवर जुनी लुगडी अंथरून गोधडी शिवावयास बसे. शेजारची एक छत्तीसगढी बाई दुसऱ्या कडेने सुई घेऊन बसे. आई म्हणे गोधडी, ती म्हणे कथरी. नावे दोन, वस्तू एकच.

मी शाळेच्या वरच्या वर्गात असताना एकदा घरी पाहुणे यावयाचे होते. ती ठिगळाठिगळांची गोधडी त्यांच्यापुढे अंथरण्याची मला लाज वाटली. मी आईला म्हटले, "आई, वरून एखादे नवे कापड लाव ना. खालचे काही दिसणार नाही." आई हातातले काम न थांबवता म्हणाली, "अरे, नवं कापड पहिल्या धुण्यातच आटतं. ते आटलं की खालचं विरलेलं सगळं ओढून फाडील. आत्ता दिसतंय तेवढं भोक मग मोठं होईल."

पुढे कित्येक वर्षांनी मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय शिकवताना मी एकविसाव्या वचनापाशी थबकलो. आईने ओसरीवर बसून सांगितलेली गोष्ट प्रभूनेच सांगितलेली होती.

या वचनाचा अर्थ लावताना आपण बहुधा घाई करतो. नवे ते ख्रिस्ताचे, जुने ते नियमशास्त्राचे, आणि दोहोंची सरमिसळ होऊ शकत नाही, एवढे सांगून पुढे जातो. हा अर्थ खोटा नाही. परंतु प्रभूने कोणता शब्द वापरला आहे ते पाहावे. मूळ ग्रीकमधील 'आग्नाफोस' या शब्दाचा अर्थ धुऊन-कुटून तयार न केलेले, न आटलेले कापड असा आहे. म्हणजे दोष ठिगळाचा नाही, कोऱ्या कापडाचा आहे. जो हे बोलला त्याने नासरेथच्या घरात कोणाला तरी जुने वस्त्र सांधताना पाहिले असले पाहिजे. लूकाने हाच दृष्टान्त थोडा निराळा दिला आहे (५:३६). तिथे नव्या वस्त्रातूनच तुकडा फाडून जुन्याला लावला जातो, म्हणून नवेही बिघडते आणि तुकडा जुन्याशी जुळतही नाही. अशा उतावळ्या, वरवरच्या दुरुस्तीविरुद्ध प्रभू बोलत आहे. सांधण्याविरुद्ध तो बोलत नाही.

गोधडीत हेच शहाणपण असते. तिच्यात जुन्याला जुनेच जोडतात. शंभर वेळा धुतलेले, आटून बसलेले, आता आणखी न आटणारे कापड तिथे उपयोगी पडते. जमिनीवर थर पसरावयाचे, कोपऱ्यांवर वजन ठेवून ते ताणून घ्यावयाचे आणि कडेपासून धावदोरा घालीत आत सरकावयाचे. विरलेले एकटे कापड बोट लावताच फाटते. तेच चार-पाच थरांत टाक्यांनी बांधले गेले की पुढची कित्येक वर्षे पांघरता येते. गोव्याच्या खाली, उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्यात कॅथलिक ख्रिस्ती आहेत, मुसलमान आणि हिंदूही आहेत. त्यांच्या स्त्रिया शिवतात त्या गोधडीला कवंदी म्हणतात. तीही कडेकडून मध्याकडे शिवली जाते आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंध्यांची 'फुले' लावल्यावाचून ती पुरी झाली असे मानीत नाहीत. गरिबीतून आलेल्या वस्तूला शेवटी फूल लावण्याची ही रीत मला मोठी बोलकी वाटते.

फाटलेले कापड नीट करण्याच्या आपल्याकडे दोन तऱ्हा आहेत. एक रफू, दुसरी ठिगळ. रफूगर त्याच कापडाचा धागा काढतो, उभ्या-आडव्या विणीत तो असा मिसळतो की छिद्र कुठे होते ते मालकालाही सापडू नये. काश्मिरी शाली दुरुस्त करणाऱ्या नजीबाबादच्या रफूगरांची कीर्ती याच कौशल्यामुळे झाली. ही कला थोर आहे, तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु ठिगळ काही लपवीत नाही. इथे फाटले होते आणि इथे कोणीतरी बसून शिवले, या दोन्ही गोष्टी ते एकाच वेळी सांगते.

या दुसऱ्या तऱ्हेला जपानी लोकांनी जे स्थान दिले आहे ते जाणून घेण्याजोगे आहे. जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी नावाचा प्रांत आहे. तिथे थंडी कडाक्याची, कापूस पिकत नाही. शेतकरी तागासारख्या धाग्याचे कपडे विणून घालीत. अठराव्या शतकात तिथल्या त्सुगारू सरकारने शेतकऱ्यांना सुती कपडे वापरण्यास बंदीच केली होती. मग त्या विरळ कापडाच्या छिद्रांतून वारा शिरू नये म्हणून बायका त्यावर दाट टाके घालीत. या टाक्यांच्या कामाला साशिको म्हणतात. गलबतांतून दक्षिणेकडून जुन्या सुती चिंध्या येत, त्या जपून ठेवून थरावर थर शिवीत. आजीच्या हातचे कपडे नातवापर्यंत जात आणि प्रत्येक पिढी त्यात आपली ठिगळे घाली. अशा कपड्यांना 'बोरो' म्हणजे लक्तरे असे नाव पडले. पुढे बरे दिवस आले तेव्हा अनेक घरांना या लक्तरांची लाज वाटू लागली. तानाका चूझाबुरो (१९३३–२०१३) या संशोधकाने खेडोपाडी हिंडून ती गोळा केली. त्याने जमवलेल्या साशिकोच्या ७८६ वस्त्रांना जपान सरकारने महत्त्वाचा लोकसांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली आहे.

मातीच्या भांड्यांविषयीही अशीच एक रीत आहे. फुटलेला पेला नैसर्गिक लाखेसारख्या चिकाने जोडतात आणि सांध्यावर सोन्याची पूड बसवतात; याला किन्त्सुगी म्हणतात. पंधराव्या शतकातील शोगुन आशिकागा योशिमासा याची एक आख्यायिका सांगतात. त्याच्या आवडत्या चिनी पेल्याला तडा गेला. त्याने तो पेला चीनला पाठवून तसाच दुसरा मागितला. आता असा पेला होत नाही, असे सांगून तिकडच्या कारागिरांनी तोच पेला लोखंडी पट्ट्यांचे टाके मारून परत धाडला. ते टाके पेल्यावर टोळ बसल्यासारखे दिसतात. परंतु या टाक्यांमुळेच त्याचे मोल वाढले. तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो आजही आहे.

चहाच्या विधीला साधेपणाचे वळण लावणारा सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) हा या दृष्टीचा मोठा गुरू. साधे, जुने, थोडे ओबडधोबड असे जे, त्यात सौंदर्य पाहणाऱ्या या वृत्तीला ते 'वाबी' म्हणतात. आपल्या वाचकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. रिक्यूच्या सात प्रमुख शिष्यांत ताकायामा उकोन हा ख्रिस्ती सरदार गणला जातो. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या उकोनाने १५८७ साली हिदेयोशीच्या हुकुमापुढे विश्वास सोडण्याऐवजी आपली जहागीर सोडली. १६१४ मध्ये त्याला देशाबाहेर काढले आणि १६१५ च्या फेब्रुवारीत तो मनिला येथे मरण पावला. कॅथलिक मंडळीने २०१७ साली ओसाका येथे त्याला धन्यवादित घोषित केले. ओबडधोबड पेल्यात मोल पाहावयास शिकलेल्या त्या हातांना जहागिरी सोडणे जड गेले नाही, असे म्हणण्याचा मोह होतो; पण जड गेले असणारच.

आता येथे आपण सावध राहिले पाहिजे. आओमोरीच्या बाया अपूर्णतेचे सौंदर्य पाहत बसल्या नव्हत्या; त्यांची मुले थंडीने कुडकुडत होती. ज्याला ठिगळावाचून गत्यंतर नाही त्याच्यापुढे ठिगळाचे गोडवे गाणे ही क्रूर थट्टा होय. आज तीच लक्तरे श्रीमंतांच्या दालनांत भारी किमतीला विकली जातात आणि गुडघ्यावर मुद्दाम फाडलेल्या नव्या विजारी आपल्या पंडरी बाजारातही मिळतात. पवित्र शास्त्राला हा प्रकार अपरिचित नाही. यहोशवाच्या नवव्या अध्यायातील गिबोनी लोक जुनी वस्त्रे आणि ठिगळांचे जोडे घालून इस्राएलांना फसवावयास आले होते. ठिगळही सोंग होऊ शकते. याउलट आमच्या अमरावतीकडचे गाडगेबाबा (१८७६–१९५६) पहा. त्यांच्या अंगावरील चिंध्यांमुळे लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. पण त्या चिंध्यांआड काही लपवलेले नव्हते.

दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची आहे. जपानी दृष्टीच्या मुळाशी सर्व काही क्षणभंगुर आहे हा बौद्ध विचार आहे; म्हणून तडा हाही वस्तूच्या आयुष्याचा एक भाग म्हणून शांतपणे स्वीकारला जातो. त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु पाप हे पेल्यावरच्या तड्यासारखे केवळ घडून जाणारे नसते. कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय, असा प्रश्न पौलाने रोमकरांस विचारून त्याचे उत्तर ठाम नकारार्थी दिले आहे (६:१-२). शिवाय किन्त्सुगी करणारा कारागीरही पेला मुद्दाम फोडीत नाही. सोने तड्याचे नसते, सांधणाऱ्याने घातलेले असते. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे या विषयात आपली वाट चुकत नाही.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाकडे वळू. कोणी एखाद्या अपराधात सापडला तर आत्म्याने चालणाऱ्यांनी त्याला सौम्यतेने पुन्हा ठिकाणावर आणावे, आणि हे करताना स्वतःकडेही लक्ष ठेवावे, असे पौल सांगतो. 'पुन्हा ठिकाणावर आणणे' यासाठी मूळात 'कातार्तिझो' हे क्रियापद आहे. हेच क्रियापद मार्क १:१९ मध्ये आले आहे. तिथे जब्दीचे मुलगे याकोब व योहान तारवात बसून जाळी नीट करीत होते. करिंथकरांच्या फुटलेल्या मंडळीने एकचित्त व्हावे असे सांगताना (१ करिंथ. १:१०) पौलाने हेच क्रियापद घेतले आहे, आणि पवित्र जनांना सिद्ध करण्याविषयी लिहिताना (इफिस. ४:१२) त्याच धातूचे नाम. वसईच्या किंवा मालवणच्या किनाऱ्यावर कोळ्यांना जाळे विणताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे समजेल. जाळ्यातली गाठ लपत नाही, ती लपावी अशी कोणाची अपेक्षाही नसते. मासा निसटू नये एवढेच पाहावयाचे असते.

मंडळीत मात्र आपण बहुधा रफूगर होतो. मला माहीत असलेली एक घटना सांगतो. स्थळ आणि नाव सांगत नाही. एका मंडळीचा खजिनदार घरच्या आजारपणात दानपेटीतील काही रक्कम वापरून बसला. हिशेबात ते उघड होण्यापूर्वी त्याने स्वतःच पाळकांकडे जाऊन कबूल केले आणि दीड वर्षात पै न पै परत केली. पंचांनी त्याला क्षमा केली, परंतु एक अट घातली: हा विषय पुन्हा कधी कोणी काढू नये. हेतू दयेचाच होता. पण झाकलेली गोष्ट कुजबुजीतून फिरू लागली. रकमेचा आकडा तोंडोतोंडी वाढत गेला, परतफेडीची गोष्ट मात्र कोणाच्या तोंडी नव्हती. कारण ती सांगावयाची म्हणजे मूळ विषय काढावा लागे.

पुढे एका अभ्यासवर्गात हाच शास्त्रभाग चालला असता तो गृहस्थ उभा राहिला आणि म्हणाला, "अकरा वर्षांत मला याविषयी एकानेही काही विचारले नाही. आणि त्या अकरा वर्षांत असा एक रविवार गेला नाही, की दानपेटी माझ्यासमोरून पुढे गेली आणि कोणीतरी माझ्या हाताकडे पाहिले नाही." तो खाली बसला. कितीतरी वेळ कोणी काही बोलले नाही. मग एक वृद्ध बाई उठल्या, त्याच्या शेजारी जाऊन बसल्या आणि हळूच त्यांनी विचारले, "तेव्हा तुमच्या घरी कोण आजारी होतं?" अकरा वर्षांतील तो पहिला टाका होता.

याचा अर्थ प्रत्येकाचे पाप वेदीसमोर वाचून दाखवावे असा नव्हे. ते शिवणे नव्हे, ते फाडणे आहे. पौलाने सौम्यतेची अट उगीच घातलेली नाही. सुई हातात धरणाऱ्याचे बोटही टोचले जाते, म्हणून त्याने स्वतःकडे पाहावयाचे आहे. त्या गृहस्थाला पुन्हा खजिनदार करावे की नाही, यावर त्या मंडळीत मतभेद झाला. माझे मत विचारले तेव्हा मी सांगितले की विरलेल्या जागी लगेच पूर्वीइतका भार टाकू नये. क्षमा आणि किल्ल्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळांना ते पटले नाही. त्यांनी माझ्यासमोर पेत्र उभा केला, आणि ते उत्तर मला आजही सहज खोडता येत नाही.

कारण पेत्राने तीन वेळा प्रभूला नाकारले आणि योहानाच्या एकविसाव्या अध्यायात तीनच वेळा त्याला प्रश्न विचारून मेंढरे त्याच्या स्वाधीन करण्यात आली. त्याहून आश्चर्य हे की त्याचे नाकारणे चारही शुभवर्तमानांत नोंदलेले आहे. शुभवर्तमाने लिहिली जात होती तेव्हा पेत्राचे नाव सर्व मंडळ्यांत मोठे झाले होते. रफू करणे सोपे होते. एखादे वाक्य गाळले असते तरी पुरले असते. त्या रात्रीच्या अंगणातील गोष्ट प्रथम पेत्राच्याच तोंडून आली असावी, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरातही असा एक टाका आहे आणि तो रायपूरपासून फार दूर नाही. इथून सुमारे सत्तर किलोमीटरवर राजनांदगाव. नारायण वामन टिळक तिथे नोकरीला होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांच्या हाती नवा करार दिला, ही गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक आहे. १८९५ साली टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. आपण त्या दिवसाचा आनंद मानतो. परंतु त्याच दिवशी एक संसार उभा फाटला. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन कित्येक वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे दोघे एकत्र आली आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या 'स्मृतिचित्रे'त त्यांनी तो फाटलेला काळ गाळला नाही. पतीचा हट्टी, उधळा स्वभाव, स्वतःचा संताप, वेडेपिसे होऊन काढलेले दिवस, सोवळ्याओवळ्याचा पीळ, सारे काही हसत-रडत लिहिले आहे. एखाद्या धार्मिक लेखकाने टिळकांचे चरित्र नितळ करून दिले असते. लक्ष्मीबाईंनी धावदोरा वरूनच घातला, म्हणून नव्वद वर्षांनंतरही, ख्रिस्ती नसलेल्या घरांतसुद्धा, ते वस्त्र पांघरले जाते.

शेवटी योहानाच्या विसाव्या अध्यायाकडे येऊ. दारे बंद असता पुनरुत्थित प्रभू शिष्यांमध्ये येऊन उभा राहिला. ज्या सामर्थ्याने मरण मागे हटवले त्याला हातांवरचे वळ पुसणे काय कठीण होते? तरी ते वळ तसेच आहेत. इतकेच नव्हे, तो स्वतः होऊन ते दाखवतो (वचन २०), आणि आठ दिवसांनी थोमाला बोट तिथे घालावयास सांगतो. जखम आता दुखत नाही, रक्त वाहत नाही. पण तिची जागा दिसते. प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात स्वर्गातही कोकरा वधलेल्यासारखा दिसतो. थोमाने प्रभूला ओळखले ते त्याच्या तेजावरून नव्हे, त्या खुणांवरून. आणि सर्व शिष्यांत सर्वांत मोठी कबुली त्याच्या तोंडून तिथेच निघाली.

अभ्यासवर्ग चालवणाऱ्या बंधुभगिनींना एक सूचना करावीशी वाटते. हा पाठ घेताना याकोबाच्या पत्रातील दुसऱ्या अध्यायाची पहिली चार वचने अवश्य वाचावीत. मळकट वस्त्रातला माणूस सभेत आला तर त्याला कुठे बसवले जाते, तो भाग तिथे आहे. त्यानंतर वर्गाला विचारावे की आपल्या मंडळीतील कोण हल्ली रविवारी घरीच राहतो, आणि तो वस्त्रांच्या लाजेने राहतो की आणखी कशाच्या. हा प्रश्न विचारल्यावर काही वेळ कोणीच बोलणार नाही. पुढच्या वचनाकडे घाईने जाऊ नये. गाणेही सुरू करू नये. बहुधा मागच्या बाकावरून कोणीतरी एक नाव घेईल; ते नाव घेऊन त्या घरी कोणी जावे आणि केव्हा, हे त्याच बैठकीत ठरवावे.